चांगलाच डोळा का झाकायचा?

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची आहे. उजव्या डोळ्याचा नंबर +४.५, डाव्याचा +१. चार महिने चष्मा लावूनही उजव्याने ६/२४ इतकंच दिसतं (चांगली नजर म्हणजे ६/६). डॉक्टरांनी डाव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी सांगितली. चांगला डोळा कशाला झाकायचा? शिवाय घामाने पट्टी सुटते.
– एक आई, मुलुंड

उत्तर : हा ‘आळशी डोळा’. दोन्ही डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असल्याने मेंदूने उजव्याचं अंधूक चित्र बाजूला सारलं. डावा झाकला की उजव्याला काम करावंच लागतं. ६/२४ ला दोन तास पुरतात. पण चष्मा दिवसभर हवाच, पट्टीच्या वेळीही. पट्टी त्वचेवरच चिकटवा. चष्म्याच्या काचेवर लावली की मुलं हमखास कडेने बघतात! मुंबईच्या दमट हवेत आधी चेहरा धुऊन नीट कोरडा करा, क्रीम लावू नका, पंख्याखाली बसवून चित्रं रंगवायला द्या. त्वचा लाल झाली तर डॉक्टरांना विचारा. चांगल्या डोळ्यात, त्याची नजर तात्पुरती अंधूक करणारे अ‍ॅट्रोपिन थेंब घालणं हाही पर्याय असतो. तपासणी चुकवू नका, तेव्हा डाव्याची नजरही मोजतात. सुधारणा दिसताच पट्टी मनाने बंद करू नका, नजर पुन्हा घसरू शकते.