मुलीला एरोनॉटिकलला घालण्याआधी कॉलेजचे विंड टनेल बघून या

प्रश्न असा आहे : ‘मुलगी बारावीत आहे आणि एरोनॉटिकल इंजिनिअरिंगच करायचे म्हणते. भारतात संशोधन, उद्योग आणि शिक्षण यांत या शाखेला खरोखर स्थान आहे का, की शेवटी आयटीतच जावे लागते? पुण्या-नाशिककडे राहून नोकरी मिळेल का आणि पगार किती असतो?’

यावर एका गृहस्थांनी उत्तर दिले आहे की विमाने आपण बाहेरूनच आणतो, तेव्हा सरळ मेकॅनिकल घ्या. हेच वाक्य माझ्या थोरल्या काकांनी मी बारावीत असताना म्हटले होते, पुढे कॉलेजातल्या विभागप्रमुखांनी जरा वेगळ्या शब्दांत म्हटले, आणि विमानांच्या चाचण्यांत इतकी वर्षे काढल्यावरही लग्नकार्यात कोणी ना कोणी ते मला ऐकवतेच. म्हणून लिहायला बसले आहे.

स्थान आहे, आणि ते आजचे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णु माधव घाटगे 1930 च्या दशकात जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिकीतले मोठे शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला, त्यात घाटगे रुजू झाले. 1942 मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, तेव्हा तिथे शिकवणाऱ्या पहिल्या माणसांत तेच होते. आणि 1951 मध्ये उडालेले एचटी-2 हे प्रशिक्षण विमान त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले. तुम्ही संशोधन, उद्योग आणि शिक्षण असे तीन वेगळे रकाने पाडून विचारले आहे. हे तीनही रकाने एकाच माणसाने भरले, कारण त्या वेळी शिकवणारा आणि बनवणारा यांच्यामध्ये भिंत नव्हती. ती भिंत नंतर उभी राहिली, आणि मी शिकले त्या कॉलेजात तर ती फार जाड होती.

त्या कॉलेजचे नाव घेत नाही. आमच्या विभागात एक सक्शन पद्धतीचे, कमी वेगाचे विंड टनेल होते, म्हणजे मॉडेलवरून हवा ओढून मोजमापे घ्यायचा बोगदा. टेस्ट सेक्शन, म्हणजे मॉडेल बसवायची जागा, 600 बाय 600 मिलिमीटर, पंखा मागच्या टोकाला, तोंडाशी हवा सरळ करणारे हनीकोंब आणि बारीक जाळ्या. उपकरण चांगले होते. मात्र वर्षातले बहुतेक दिवस त्यावर प्लास्टिकचे आच्छादन असे आणि प्रयोगशाळेला कुलूप. तपासणी समिती येणार असली की आच्छादन निघे, लोखंडी भागांवर रंगाचा हात फिरे, पंखा पाच मिनिटे चालवून दाखवला जाई, आणि समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की आच्छादन पुन्हा चढे. प्रॅक्टिकलच्या तासाला आम्ही मागच्या तुकडीच्या जर्नलमधले आकडे उतरवून काढत होतो, आणि त्या तुकडीने ते तिच्या मागच्या तुकडीकडून उतरवलेले होते. पिढीजात आकडे होते ते.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी टनेल मिळावे असा अर्ज मी आणि माझ्या दोन वर्गमित्रांनी दिला, तेव्हा विभागप्रमुखांनी समोर बसवून सांगितले की पदवीच्या मुलांनी सिद्धांत नीट शिकावा, मोजमाप हे संशोधकांचे काम आहे, आणि मुलांच्या हातून काही मोडले तर दुरुस्तीचा खर्च कोण करणार. आम्ही वारंवार अर्ज केल्यावर, मोडतोड आमच्या खिशातून भरून देण्याच्या अटीवर, संध्याकाळी पाचनंतर आणि लॅब असिस्टंट काका थांबायला तयार असतील त्याच दिवशी, अशी परवानगी मिळाली. काका थांबले. त्या माणसाचे उपकार मी विसरलेले नाही. त्यांना टनेलचा एक एक नटबोल्ट पाठ होता आणि इतक्या वर्षांत त्यांना तो कोणी विचारलाच नव्हता.

आत पाहिले तर मॅनोमीटरच्या, म्हणजे हवेचा दाब मोजायच्या उपकरणाच्या, प्लास्टिकच्या नळ्या कडक होऊन तडकलेल्या, आणि विंगच्या मॉडेलवर दाब मोजण्यासाठी असलेल्या सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांपैकी निम्मी बुजलेली. नळ्या बदलल्या, छिद्रे बारीक तारेने आणि हवेच्या झोताने मोकळी केली, काचनळ्यांच्या फळीत लाल शाई घातलेले पाणी भरले. मॉडेल एनएसीए 0012 या प्रमाणित, सममित (वर-खाली सारख्या) छेदाचे होते. हवेच्या दिशेशी शून्य अंशाचा कोन असताना वरच्या आणि खालच्या बाजूच्या नळ्यांतली पातळी सारखीच राहते. कोन वाढवत नेला की वरच्या पृष्ठभागाच्या पुढच्या टोकाजवळच्या नळ्यांतले लाल पाणी चढू लागते, आणि आठ-नऊ अंशांना तिथे एक उंच सुळका उभा राहतो. विमान ज्याच्या जोरावर उचलले जाते ते शोषण डोळ्यांसमोर इंचांत मोजता येते. कोन आणखी वाढवला आणि तेराव्या अंशाच्या सुमाराला तो सुळका पाहता पाहता कोसळला. पुढच्या आणि मागच्या सगळ्या नळ्या जवळपास एका पातळीला आल्या. विंगची उचल अशी कोसळते, यालाच स्टॉल म्हणतात. त्याची व्याख्या मी परीक्षेत कित्येकदा लिहून गुण मिळवले होते, पण तो इतका अचानक होतो हे मला त्या संध्याकाळी कळले.

खरी गंमत पुढे झाली. सिद्धांताप्रमाणे पातळ विंगचा उद्वहन गुणांक, म्हणजे तिच्या उचलीचा आकडा, दर अंशाला साधारण 0.11 ने वाढायला हवा. आमचा त्याहून बराच कमी वाढत होता. विभागप्रमुख म्हणाले, टनेल खराब आहे, म्हणून तर मी नको म्हणत होतो. आम्ही टनेल रिकामे चालवून वेग तपासला, तो ठीक होता. मग काकांनी बॅटरी आत धरून दाखवले की मॉडेलची दोन्ही टोके भिंतींपर्यंत पोचतच नाहीत. पुरवठादाराने ते आखूड दिले होते. दोन्ही बाजूंच्या फटींतून खालची जास्त दाबाची हवा वर निसटत होती. म्हणजे पुस्तकात गृहीत धरलेली अनंत लांबीची विंग आमच्याकडे नव्हती, टोके असलेली विंग होती, आणि टोके असलेल्या विंगचे उद्वहन का घटते याचे गणित पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडले ते याच प्रांटल यांनी. फटी फेल्टच्या पट्ट्यांनी आणि चिकटपट्टीने बंद केल्या, तेव्हा आकडा सिद्धांताच्या पुष्कळ जवळ गेला. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी बाकी सगळे सोडून या फटींबद्दलच विचारले. विभागप्रमुखांचा शेरा एवढाच होता की चांगले आहे, पण हे अभ्यासक्रमात नाही. आम्ही बाहेर पडल्यावर टनेलवर पुन्हा आच्छादन चढले असे पुढच्या तुकडीकडून कळले.

हा सिद्धांत विरुद्ध मोजमाप असा वाद मुळात खोटा आहे. राइट बंधूंचे 1901 चे ग्लायडर अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी उद्वहन देऊ लागले, तेव्हा त्यांनी आपल्या सायकलच्या दुकानात सहा फूट लांबीचे लाकडी खोके बनवून त्यातून हवा सोडली आणि सुमारे दोनशे छोट्या विंगांचे आकार तपासले. सगळेजण पूर्वापार वापरत आलेला हवेच्या दाबाचा गुणांक जास्त धरलेला होता, हे त्यांना मोजमापांतूनच कळले. आता कोणी म्हणेल की हे सारे सीएफडीने, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या संगणकी गणिताने होते, टनेल हवे कशाला. सीएफडी मीही वापरते. परंतु स्टॉलच्या आसपासचा सीएफडीचा आकडा टनेलच्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय माझ्यापुढे ठेवणाऱ्याला मी परत पाठवते.

उद्योगात हे कुठे लागते, तर सगळीकडे. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत 1.2 मीटरचे ट्रायसॉनिक, म्हणजे ध्वनीहून कमी, ध्वनीच्या आसपासच्या आणि त्याहून जास्त वेगांचे, विंड टनेल आहे. साठवलेली दाबाखालची हवा सोडून एका वेळी काही सेकंदच वारा मिळतो, आणि तेवढ्यात तेजसची मॉडेलेही तपासली गेली आणि इस्रोची प्रक्षेपकेही. त्या वाऱ्यातून निघालेले आकडे पुढे आमच्यासारख्यांच्या हातात भार म्हणून येतात. विंगच्या स्थिर चाचणीत तिच्या पृष्ठभागावर पॅड चिकटवतात, पॅड तरफांच्या उतरंडीने एकमेकांना जोडतात, आणि एका हायड्रॉलिक जॅकचे बळ ठरलेल्या प्रमाणात सगळीकडे वाटले जाते. सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपटीपर्यंत नेऊन विंग किमान तीन सेकंद न मोडता टिकली पाहिजे, असा नियम आहे. तो भार टनेलमध्ये चुकीचा मोजला असेल, तर विंग आमच्याकडे पास होऊनही चाचणी व्यर्थच. मला पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत गुणपत्रिकेबद्दल एक अक्षर विचारले नव्हते. टनेलमधला वेग कशाने मोजलात आणि आकडा जुळेना तेव्हा काय केलेत, यावर मुलाखत संपली.

‘आपण बाहेरूनच आणतो’ याबद्दल. एचएफ-24 मरुत हे लढाऊ विमान जर्मन विमानरचनाकार कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूला तयार झाले आणि 1961 मध्ये उडाले. ते कमी पडले ते त्याच्या जोगे इंजिन मिळाले नाही म्हणून. आकारात खोट नव्हती. तेजसचेही इंजिन परदेशी आहे, हे खरे आहे आणि ते मला लागते. पण इंजिन जमले नाही याचा अर्थ या देशात विमानशास्त्र नाही असा काढणे हा आळस आहे. उलट, ज्या देशाला इंजिन अजून करायचे आहे त्याला ही शाखा शिकलेली माणसे जास्तच लागणार.

नाशिकबद्दल : ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना 1964 पासून आहे, तिथे मिग-21 झाली, सुखोई-30 झाली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तिथे बनलेले पहिले तेजस मार्क 1ए उडाले. तेव्हा काम आहे. पण मुलीने बंगळुरूला राहायची तयारी ठेवावी, कारण प्रयोगशाळा आणि डिझाइनची बहुतेक कार्यालये तिथेच आहेत. हीच विद्या पवनचक्कीच्या पात्यांना आणि मोटारींच्या आकारांनाही लागते, त्यामुळे पुणे अगदीच कोरडे नाही. पगाराचे म्हणाल तर आयटीतल्या मैत्रिणीशी पहिल्या काही वर्षांत तुलना करू नये. ज्याला ती करावीशी वाटते त्याने आयटीतच जावे.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत आणि ‘प्लेसमेंट’चे फलक सोडून टनेल दाखवा म्हणावे. लॉगबुकात शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघावे, मॅनोमीटरची नळी बोटांत दाबून मऊ आहे की कडक ते बघावे, आणि लॅब असिस्टंटशी पाच मिनिटे बोलावे. टनेल नुकतेच रंगवलेले आणि लखलखीत असेल, तर सावध व्हावे. तेलाचे डाग आणि चिकटपट्टीचे तुकडे दिसले, तर मुलीला तिथे खुशाल घालावे.

काही गोष्टी राहिल्या. माझ्या वर्गातले बरेच जण आयटीत गेले, हे नाकारत नाही. या शाखेच्या जागा मुळात थोड्या आहेत आणि कॉलेजे फार. ज्या कॉलेजात टनेलच नाही पण गणित आणि द्रवगतिकी मन लावून शिकवणारा शिक्षक आहे, ते माझ्या कॉलेजापेक्षा बरे. आणि चांगल्या जागी एरोनॉटिकल मिळत नसेल, तर चांगल्या जागी मेकॅनिकल घेऊन पुढे गेट या परीक्षेच्या एरोस्पेसच्या पेपरमधून एम.टेक.ला वळणे हा रस्ता अगदी रास्त आहे. माझे कित्येक सहकारी त्याच रस्त्याने आले. म्हणजे त्या गृहस्थांचा सल्ला अर्धा बरोबर निघतो, फक्त त्यांनी दिलेले कारण चूक आहे, आणि माझ्या थोरल्या काकांचेही तेच होते.