कलाकाराचं वागणं वाईट असेल तर त्याची कला बाजूला काढून बघता येते का?

मी आधी एवढंच बघतो की तो माणूस जिवंत आहे का आणि आपले पैसे, व्ह्यूज त्याच्यापर्यंत पोचतायत का. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १६०६ मध्ये रोममध्ये एकाचा खून केला आणि पळून गेला, १६१० मध्ये स्वतःही वारला, आज त्याचं चित्र बघून कुणाला काही त्रास होत नाही आणि काळोखातून चेहऱ्यावर येणारा तो उजेड बघताना अजूनही अंगावर काटा येतो. अमेरिकन गायक आर. केलीचं तसं नाही ना. त्याला २०२२ मध्ये मुलींच्या लैंगिक शोषणासाठी ३० वर्षांची शिक्षा झाली, पण त्याआधी कित्येक वर्षं हे सगळं चालू राहिलं ते त्याच्या नावामुळे, पैशामुळे आणि गाणी भारी आहेत म्हणून गप्प बसलेल्या लोकांमुळे!

जर्मन संगीतकार वाग्नर या दोघांच्या मधेच कुठेतरी येतो. १८५० मध्ये त्याने ज्यूंविरुद्ध विखारी लेख लिहिला, पुढे तो हिटलरचा लाडका झाला. २००१ मध्ये जेरुसलेमला ऑर्केस्ट्रा-संचालक बारेनबोइमने कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांना विचारलं, वाग्नर वाजवू का? बराच वेळ वाद झाला, काही जण चिडून उठून गेले, बाकीच्यांनी ऐकलं. मला हे पटतं, कारण उठून गेलेल्यांना कला कळत नाही असं अजिबात नाही, त्यांची जखम खरी आहे.

'जीनियस लोक असेच असतात' हे मात्र मला मुळीच मान्य नाही, असंख्य मोठे कलाकार कुणालाही न छळता आयुष्यभर काम करतात.