आकाशवाणीच्या ऑडिशनला कोणता राग गावा?

प्रश्न: आकाशवाणीची शास्त्रीय गायनाची ऑडिशन आहे. साधारण दहा मिनिटं मिळतील. राग कोणता निवडू आणि घशाची काळजी काय घेऊ?

राग कोणताही घ्या, फक्त अनवट, म्हणजे क्वचित गायला जाणारा, नको. जोडराग (दोन राग मिसळून केलेले) आणि मालकंसासारखे कंस नावाचे रागप्रकार गाऊन छाप पडते हा गैरसमज आहे. उलट यमन, बागेश्री, भीमपलास, तोडी यांत तुम्ही किती पाण्यात आहात ते दोन आवर्तनांत, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्यांत, कळतं. बागेश्रीचंच घ्या. विलंबितात (संथ लयीत) सगळं नीट असतं, आणि द्रुतात (जलद लयीत) तान सुटली की तोंडातून ‘ग म प नि सां’ निघून जातं. झाला भीमपलास! ‘ग म ध नि सां’ हीच वाट जिभेला बसेपर्यंत ती तान वाढवू नका. तुम्ही देता त्या रागांच्या यादीत सकाळचे दोन-तीन राग हवेतच. यादीतला कुठलाही विचारतात, म्हणून जो राग बंदिशीशिवाय पाच मिनिटं आलापता येत नाही तो लिहूच नका.

आता लयीबद्दल, कारण खरी माती तिथे होते. आमचे एक गुरुबंधू आहेत. ‘बडा ख्याल म्हणजे अतिविलंबितच’ असा त्यांचा हट्ट, आणि शिष्यांनाही तेच शिकवतात. मैफलीत जरूर गा. पण हिशोब करा: एकतालाच्या १२ मात्रा; मिनिटाला १५ धरल्या तर एक आवर्तन ४८ सेकंदांचं. औचार (सुरुवातीचा छोटा आलाप) आणि द्रुत वगळून विलंबिताला सहा मिनिटं उरली, म्हणजे जेमतेम साडेसात आवर्तनं. त्यांतली तीन बंदिशीच्या स्थायी-अंतऱ्यात गेली की बढत, म्हणजे रागाचा हळूहळू विस्तार, करणार कशात? मिनिटाला ३० मात्रा ठेवल्या तर तेवढ्याच वेळात १५ आवर्तनं मिळतात. गुरुबंधूंना हा ‘घाईचा ख्याल’ वाटतो. वाटू दे. मुखडा (बंदिशीची पहिली ओळ) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमका येतोय, सूर ठरतोय, राग उलगडतोय, एवढं ऐकणाऱ्याला समजलं की झालं. माझी विभागणी: औचार पाऊण मिनिट, विलंबित सहा, उरलेलं द्रुत. दुसऱ्याच मिनिटाला ताना सुरू करणारे पुढे तेच तेच गात बसतात.

तबल्याला बहुधा केंद्राचेच वादक असतात, तुमची लय त्यांना ठाऊक नसते. ‘जरा सावकाश’ म्हणून काही कळत नाही. हातावर मात्रा देत मुखडा एकदा गुणगुणून दाखवा. धडधडीमुळे पहिली सम आली की लय आपोआप चढते, म्हणून घरी मेट्रोनोम लावून सुरुवात करा, मग बंद करून लय किती सरकली ते तपासा.

तानपुरा स्टुडिओत गेल्यावर पुन्हा लावा. एसीच्या गारव्याने तारा हलतात. मालकंस गाणार असाल तर पहिली तार मध्यमाची, मारव्याला निषादाची. पंचम तशीच ठेवून मारवा गाणारे महाभाग मी पाहिलेत. अ‍ॅपचा तानपुरा असेल तर फोन विमान मोडवर टाका. माइकपासून वीतभर अंतर ठेवा आणि तार षड्जाला मान वर फेकू नका, आवाज एकदम लांब जातो. परीक्षक बहुधा स्पीकरवर ऐकतात, हातवारे त्यांना दिसत नाहीत.

बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना (१९५२ ते १९६२) नाणावलेल्या गवयांनाही ऑडिशन द्यायला लावली होती, तेव्हा केवढं रामायण झालं होतं. तेव्हा तुम्हाला धाकधूक वाटली तर त्यात नवल नाही.

घशाचं काय सांगू, कोमट पाणी प्या, आदल्या रात्री जागू नका, त्या सकाळी तार सप्तकात रियाज करू नका. गरम चहा-खडीसाखरेने सूर लागत नाही.

हे सगळं ख्यालगायनापुरतं. धृपद, ठुमरी किंवा वाद्यवादनाचं गणित निराळं आहे. वेळ आणि रागांची संख्या केंद्राच्या अर्जात असते तीच धरा. आणि तुमचे गुरुजी अतिविलंबितच गा म्हणत असतील, तर हे उत्तर त्यांना दाखवू नका.