विजेचं विचारा : मीटरपासून पार्किंगपर्यंत

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मुलाने त्याची जुनी नेक्सॉन ईव्ही (३०.२ युनिटची बॅटरी) आम्हाला दिली आहे. आम्ही दोघंच, रोजची धाव फार तर तीस किलोमीटर. पण चार्जिंगपाशी घोडं अडलंय. मीटररूम इमारतीच्या पुढे, आमचं पार्किंग मागे. सोसायटीचे अध्यक्ष म्हणतात, आग लागेल, परवानगी मिळणार नाही. ओळखीचा वायरमन म्हणतो, जिन्याखालच्या बोर्डावरून एक्स्टेन्शन ओढून देतो. काय करू? बिल किती वाढेल? आणि दिवाळीत गाडी बहिणीकडे कोल्हापूरला नेता येईल का?
– एक निवृत्त वाचक, कोथरूड

उत्तर : काका, एक्स्टेन्शन अजिबात नको. ते काम करणाऱ्याला घरी पाठवा.

गीझर पंधरा-वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी मात्र १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासन्‌तास, न थांबता, जवळजवळ पूर्ण करंट ओढत राहते. सॉकेटमधली पितळी पट्टी जराशी सैल असली, की नेमकी तिथेच उष्णता धरते. प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. चार्जिंगची तक्रार आली म्हणून कुणाकडे गेले, की मी सर्वांत आधी प्लग ओढून पिना बघते. त्या काळवंडलेल्या असल्या, तर दोष कुठे आहे हे तिथेच कळतं. अध्यक्षांना गाडीच्या बॅटरीची भीती वाटते. मला भीती वाटते ती अशा ढिल्या जोडांची, आणि ती दूर करणं आपल्या हातात आहे.

तुमच्या स्वतःच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर टाकून घ्या. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते, पण तुमचं अंतर लांब आहे. व्होल्टेज पडू नये म्हणून ६ ची टाका, आणि मध्ये कुठेही जोड नको. मीटरपाशी २० अँपिअरची एमसीबी (जादा करंट झाला की आपोआप पडणारी कळ) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारी कळ) हवी. आरसीसीबी ‘ए’ प्रकारची मागा. दुकानात सहसा ‘एसी’ प्रकारची हातात ठेवतात, तिला चार्जरसारख्या उपकरणांतली काही प्रकारची गळती ओळखता येत नाही. शेवटी आयएसआय मार्कचं १६ अँपिअरचं सॉकेट, झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून चार-पाच फुटांवर. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, ते आठवून उंची ठरवा.

अर्थिंगवर मात्र कुणाच्या शब्दावर जाऊ नका. जुन्या इमारतींत अर्थिंगच्या खड्ड्यावर पेव्हर ब्लॉक बसवून टाकलेले मी पाहिले आहेत, खड्डा कुठे होता हेही कुणाला आठवत नाही. काम झालं की मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधलं व्होल्टेज तुमच्यासमोर मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. पंधरा-वीस दिसलं, तर न्यूट्रल किंवा अर्थिंग कुठेतरी ढिलं आहे. ते दुरुस्त होईपर्यंत पैसे चुकते करू नका. पहिल्या रात्री तासाभराने खाली जाऊन प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर लगेच बंद करा.

परवानगीचं म्हणाल, तर तोंडी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सहकार खात्याने २०२२ मध्येच परिपत्रक काढून गृहनिर्माण संस्थांना अशा अर्जावर ७ दिवसांत ना-हरकत द्यायला सांगितलं आहे. केंद्रानेही २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागायची सोय केली. अर्जासोबत वायरचा मार्ग, एमसीबी-आरसीसीबीचा तपशील आणि परवानाधारक ठेकेदाराचं पत्र जोडा. माझा अनुभव असा, की कमिटीला कागद दिसला की आगीची चर्चा बरीच शांत होते. सोसायटीच्या सामायिक मीटरला हात लागणार नाही, हे पहिल्याच ओळीत लिहा. खरी धास्ती बहुधा तीच असते.

बिलावर आधी ‘मंजूर भार’, म्हणजे तुमच्या जोडणीला एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे, तो आकडा बघा. तो एक-दोन किलोवॅटच असेल, तर वाढवून घ्या. हा चार्जर एकटाच सुमारे तीन किलोवॅट घेतो. रोज तीस किलोमीटर म्हणजे महिन्याला ९००. सॉकेटमधून घेतलेल्या एका युनिटला सात किलोमीटर धरा, म्हणजे साधारण १३० युनिट. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. आज १५० वापरत असाल, तर ३०० च्या आतच राहाल. २०० वापरत असाल, तर थोडे युनिट वरच्या दरात जातील. तेवढेच, सगळं बिल नव्हे. वेगळ्या मीटरला टप्पे नाहीत, पण त्याचा स्थिर आकार निराळा पडतो. तुमच्या धावेला त्याची गरज दिसत नाही.

कोल्हापूर खुशाल करा. अंतर सुमारे २३० किलोमीटर, त्यात खंबाटकीची चढण, तेव्हा एका दमात जायचं मनातही आणू नका. बॅटरी बरी आहे म्हणून कऱ्हाडपर्यंत ताणू नका, साताऱ्यालाच थांबा. चार्जर बंद निघाला किंवा पुढे दोन गाड्या उभ्या असल्या, तरी दुसरीकडे जाण्याइतकी बॅटरी हाताशी राहते. दोन-तीन कंपन्यांची अ‍ॅप घरूनच घेऊन थोडे पैसे भरून ठेवा. ऊन डोक्यावर असताना ओटीपीची वाट बघणं नको. जाहीर दरावर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही धरा. ताशी ऐंशीच्या आसपास चालवा. बहिणीच्या घरचं अर्थिंग तपासायला सांगून ठेवा, म्हणजे फराळ होईपर्यंत गाडीचंही पोट भरेल.

प्रश्न : फास्ट चार्जरवर शंभर टक्के होईपर्यंत थांबावं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ऐंशीनंतर वेग पडतो, शेवटच्या वीस टक्क्यांना फार वेळ जातो, आणि मागे कुणी लहान मुलं घेऊन ताटकळत असतं. पुढच्या टप्प्याला खरोखरच गरज असेल तरच थांबा. घरी मात्र, बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर, अधूनमधून शंभर टक्के सावकाश भरावी. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय आत नेमकं किती उरलंय याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो.