वाचकांचे प्रश्न : पावसात इंग्लंडमधील खेडे पाहावे का?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी साठीच्या पुढचे असून नोव्हेंबरमध्ये मुलाकडे रेडिंगला जाणार आहोत. कॉट्सवोल्ड्स या जुन्या दगडी घरांच्या गावांसाठी प्रसिद्ध टेकड्यांच्या भागातील चार गावे एका दिवसात दाखवण्याचा त्याचा बेत आहे. त्या दिवशी पाऊस असल्यास जाणे रद्द करावे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : जाणे रद्द करू नये, चार गावांचा बेत मात्र सोडावा. लंडनला वर्षभरात जेमतेम 600 मिलिमीटर पाऊस पडतो आणि ठाण्यात तेवढा एकट्या जुलैमध्ये पडू शकतो, त्यामुळे तिकडच्या पावसाचे भय आपल्याला वाटू नये. खरी अडचण थंडीची, वाऱ्याची आणि लवकर मावळणाऱ्या दिवसाची आहे. नोव्हेंबरमध्ये चार-साडेचारलाच सूर्यास्त होतो. चार गावे गाठायची म्हटली, तर त्यातला बराचसा उजेड गाडीतच सरेल. शिवाय बायबरी गावातील आर्लिंग्टन रो ही विणकरांची प्रसिद्ध घरे रस्त्यावरूनच पाहायची असतात, तिथे पावसात किती वेळ उभे राहणार?

त्याऐवजी विल्टशरमधील लेकॉक हे एकच गाव निवडावे, असे मी आग्रहाने सुचवेन. रेडिंगहून चिपनमपर्यंत थेट रेल्वे आहे आणि तिथून गाव अगदी जवळ आहे. तेथील ॲबी म्हणजे सॉल्झबरीच्या काउंटेस एला यांनी 1232 साली स्थापन केलेला जोगिणींचा मठ. पुढे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने देशातले मठ बंद केले, तेव्हा विल्यम शॅरिंग्टन या धनिकाने तो विकत घेऊन चर्च पाडले, पण चौकाभोवतीच्या दगडी कमानींच्या ओवऱ्या सुदैवाने राखल्या. आपल्या जुन्या देवळांतल्याप्रमाणे या ओवऱ्यांतून कोरड्या पायांनी हिंडत मधल्या चौकात पडणारा पाऊस पाहता येतो, आणि माझ्या मते लेकॉकला पावसातच जावे, ते यासाठी. याच वास्तूतील एका खिडकीचे छायाचित्र छायाचित्रणाचे एक आद्य संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ऑगस्ट 1835 मध्ये घेतले. त्याची निगेटिव्ह ही आज उपलब्ध असलेल्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हांपैकी सर्वांत जुनी मानली जाते. ती खिडकी अवश्य शोधावी, आणि दारालगतचे छायाचित्रणाचे संग्रहालयही सोडू नये.

ॲबी आणि जवळजवळ सारे गाव 1944 साली मटिल्डा टॅल्बट यांनी नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिले. घरांत आजही भाडेकरू राहतात, म्हणून खिडक्यांतून डोकावू नये. शेतांतून जाणाऱ्या पायवाटा सर्वांना कायद्याने खुल्या असतात, पण त्या दिवसांत तिथे घोट्यापर्यंत चिखल असतो आणि जवळच एव्हन नदी आहे. गुडघ्यांची कुरकुर असेल, तर त्या वाटांना जाऊच नये.

छत्री वाऱ्याने उलटते, त्यामुळे टोपीचे जलरोधक जॅकेट आणि घट्ट पकडीचे बूट घ्यावेत. हिवाळ्यात ॲबीतील दालनांच्या वेळा बदलतात. तिकिटे काढण्यापूर्वी मुलाला नॅशनल ट्रस्टच्या संकेतस्थळावर त्या पाहून ठेवण्यास सांगावे.