प्रवेशाच्या वर्षात प्रत्यारोपणाची औषधे कमी करावीत का?

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीला लहानपणी वडिलांच्या यकृताचा भाग बसवला, यंदा तिला वैद्यकीय शिक्षणासाठी वसतिगृहात जायचे आहे आणि त्याआधी टॅक्रोलिमस (शरीराने बसवलेले यकृत नाकारू नये म्हणून घ्यायचे औषध) कमी करून घ्यावे का, असे आपण विचारता. मात्रा तिचे प्रत्यारोपणतज्ज्ञच ठरवतील; परंतु या निर्णयाची सांगड प्रवेशाच्या वेळापत्रकाशी घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपली इच्छा अवाजवी नाही. वर्षानुवर्षे घेतलेल्या या औषधांनी मूत्रपिंडांवर परिणाम होतो, रक्तदाब व साखर वाढू शकते आणि संसर्गाचा व काही कर्करोगांचा धोका वाढतो. आई किंवा वडिलांच्या यकृताचा भाग मिळालेल्या 20 मुलांच्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात 12 मुले औषधांशिवाय वर्षभर किंवा अधिक काळ स्थिर राहिली, हेही खरे आहे. मात्र ती मुले काळजीपूर्वक निवडलेली होती, औषध अनेक महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद केले होते आणि तरीही उरलेल्या 8 पैकी 7 जणांत नकार-प्रतिक्रिया, म्हणजे शरीराने बसवलेल्या यकृतावर हल्ला करणे, दिसली किंवा तिची शंका आली. बहुतेक वेळा अशी नकार-प्रतिक्रिया औषध वाढवून किंवा स्टेरॉइड देऊन आटोक्यात येते. क्वचित पित्तनलिका नष्ट होत जाऊन यकृतच गमवावे लागते. रक्ततपासणी सामान्य असूनही आत दाह किंवा तंतुमयता (यकृतात व्रणासारखे तंतू साचणे) असू शकते, म्हणून बायोप्सीचा (यकृताचा छोटा तुकडा काढून तपासण्याचा) विचार करावा लागतो. वारंवार तपासण्यांचा हा काळ आणि पहिल्या वर्षाच्या परीक्षा एकाच वेळी तिच्यावर येऊ नयेत.

औषधे सुरू आहेत म्हणून वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद होत नाही. संसर्गाचा संबंध येणाऱ्या कामात कोणती खबरदारी घ्यावी, कोणत्या लसी प्रवेशापूर्वी पूर्ण कराव्यात (जिवंत विषाणूंच्या लसी सहसा टाळतात) आणि दिवसातून एकदाच घ्यायचे टॅक्रोलिमस तिला चालेल का, हे तज्ज्ञांना विचारावे. मला खरी काळजी वेगळीच वाटते: किशोरवयात आणि घराबाहेर पडताना गोळ्या चुकण्याचे प्रमाण वाढते, आणि उशिरा उद्भवणाऱ्या नकार-प्रतिक्रियेचे ते एक मोठे कारण आहे. म्हणून गोळ्यांची वेळ, औषधाच्या रक्तातील पातळीची नोंद आणि डॉक्टरांशी बोलणे ही जबाबदारी आजपासूनच तिच्याकडे द्यावी, आणि पुढच्या भेटीत औषध कमी करण्याचा प्रश्न तिने स्वतः विचारावा.