शोभेचा किल्ला आणि सकर मासा

प्रश्न : आमच्याकडे दोन फुटी फिश टँक आहे. शेवाळ खाण्यासाठी म्हणून गेल्या वर्षी आणलेला सकर मासा, आम्ही दोन दिवस गावी जाऊन परत आलो तेव्हा, चिनी मातीच्या किल्ल्याच्या खिडकीत अडकून मेलेला आढळला. त्याच खिडकीतून तो अनेक महिने आरपार जात असे, मग तो एकाएकी कसा अडकला? मुलींच्या हट्टामुळे आता नवीन, लहान सकर आणला आहे. किल्ला ठेवावा की काढावा? आणि मासा पुन्हा अडकलाच, तर काय करावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : वर्षभरात खिडकी होती तेवढीच राहिली आणि मासा वाढला, हे या घटनेचे मुख्य कारण आहे. दुकानात दोन-तीन इंचांचा दिसणारा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा असून पूर्ण वाढ झाल्यावर तो फूटभराहून मोठा होतो. त्याच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या कठीण पट्ट्या असतात, त्यामुळे रोहू-कटल्याप्रमाणे अंग आकसून निसटणे त्याला जमत नाही. शिवाय त्याच्या पाठीवरील आणि छातीजवळील परांचा पहिला काटा जाड व टणक असतो, आणि घाबरताच तो हे काटे ताठ उभारून तसेच रोखून धरतो. नदीत मोठ्या माशाच्या तोंडातून वाचण्यासाठी हा उपाय उत्तम आहे; खिडकीत मात्र त्याचाच खिळा होतो. पुढे धड जात नाही, मागे सरावे तर काटे चौकटीला अडतात, आणि मासा जितका धडपडेल तितका अधिक घट्ट रुतत जातो.

आपल्याकडील उन्हाळ्यात यात आणखी एक भर पडते. सकर पाण्यातील प्राणवायू कमी झाला की पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि जठरातून तिचा उपयोग करून घेतो. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू ३० अंशांना साडेसातच्या आसपास येतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत बंद घरातील टाकी ३० अंशांच्या पुढे सहज जाते, आणि त्यात वीज जाऊन हवेचा पंप थांबला, तर मोकळा सकर वर येऊन तग धरतो, अडकलेल्याला मात्र तो मार्गही उरत नाही. आपण उन्हाळ्यात गेला होता की नाही हे पत्रात लिहिलेले नाही, पण घर बंद ठेवून जाताना अशी शोभेची वस्तू टाकीबाहेर काढून ठेवणे केव्हाही बरे.

किल्ला ठेवायचा असल्यास त्याचे प्रत्येक छिद्र तपासावे. माझा ठोकताळा असा आहे की छिद्र एक तर इतके लहान असावे की माशाचे डोकेच आत शिरू नये, किंवा इतके मोठे असावे की पर पसरलेला मासा आत जाऊन सहज वळू शकेल. धोका आहे तो यांच्या मधल्या मापांत, आणि बाजारातील किल्ल्यांच्या बहुतेक खिडक्या नेमक्या याच मापाच्या असतात. अशा खिडक्या सिलिकॉनने बुजवता येतात. सिलिकॉन काचेची टाकी जोडण्याचे, साधे पारदर्शक असावे. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीरोधक द्रव्य असते आणि ते माशांना घातक ठरते. लावल्यानंतर किमान ४८ तास सुकू द्यावे, व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्याशिवाय वस्तू पाण्यात सोडू नये.

खरे सांगायचे तर मी स्वतः किल्ला काढून टाकला असता. सकरला लपायला जागा लागते हे खरे, पण ती गरज कुंभाराकडील न रंगवलेल्या, रुंद तोंडाच्या मडक्याने उत्तम भागते. मडके आडवे ठेवावे आणि त्याचा तळ मासा आरपार जाईल इतका फोडून कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात. त्यातूनही मासा अडकलाच, तर मडके पकडीने सहज फुटते. जाड चिनी मातीचे तसे नाही.

मासा अडकलेला दिसल्यास शेपटी धरून ओढू नये, कारण त्याने काटे अधिक रुततात आणि परही फाटतात. वस्तूसह मासा टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या बादलीत उतरवावा, हवेची नळी सोडावी आणि वर कापड टाकून अंधार करावा. भीती ओसरली की काटे मिटतात आणि अनेकदा मासा आपणहून सुटतो. अर्ध्या तासात न सुटल्यास काटे बोटाने अंगालगत दाबून त्याला हलकेच पुढच्या दिशेने सरकवावे. तेही न जमल्यास वस्तू पाण्यातच ठेवून, माशापासून दूरच्या कडेकडून, पकडीने थोडी थोडी तोडावी. हातोडा वापरू नये. तेल किंवा साबण लावण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये; दोन्हींमुळे कल्ल्यांना इजा होते.

मात्र दोन फुटी टाकी सकरला फार दिवस पुरणार नाही. दुकानदार परत घेत असल्यास तो देऊन त्याऐवजी ब्रिसलनोज नावाचा लहान जातीचा मासा घ्यावा. तोही शेवाळ खातो आणि साधारण पाच इंचांवर थांबतो. परंतु नकोसा सकर सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात सोडू नये. भारतातील अनेक पाणवठ्यांत टाक्यांतून सुटलेले सकर स्थिरावले असून स्थानिक माशांना त्यांचा उपद्रव होतो.

प्रश्न : टाकीत शहाबादी फरशीचे तुकडे रचून गुहा केली तर चालेल का?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : चालेल, पण दोन गोष्टी पाहाव्यात. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. त्यावर लिंबाचा रस टाकला तर बुडबुडे येतात. असा दगड पाण्याचा जडपणा हळूहळू वाढवतो, आणि बोअरचे पाणी आधीच जड असेल तर त्यात भर नको. आपल्याकडील काळ्या बसाल्टच्या दगडाचा तो त्रास नाही. दुसरे म्हणजे फुटलेल्या फरशीची कड धारदार असते आणि सकर पोट घासतच फिरतो. म्हणून जुना नायलॉनचा मोजा कडेवरून फिरवून पाहावा आणि धागा जिथे अडकेल तिथे कड घासून काढावी. दगड वाळूवर न ठेवता टाकीच्या तळाशी पातळ थर्माकोलवर टेकवावेत आणि वाळू नंतर पसरावी, नाहीतर मासा खालून वाळू उकरतो आणि गुहा त्याच्याच अंगावर कोसळते.